सगळ्यांचा उजवा गुडघा

माझ्या हातचा अर्ज कधी परत आलेला नाही. ही बढाई आहे हे मान्य, पण खरी आहे. एका सरकारी कचेरीत मी नोकरीची सगळी वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढली. आलेला अर्ज घ्यायचा, शिक्का मारायचा, आवक क्रमांक टाकायचा आणि अर्जदाराच्या हातात पोच द्यायची. अर्ज वाचून वाचून मला अशी खोड लागली, की कुणी साधी चिठ्ठी लिहिली तरी मी तिच्यात 'विषय' आणि 'संदर्भ' शोधायचे. नमुना अर्ज तयार करायचा असला की साहेब दुसऱ्या कुणाला बोलवायचे नाहीत. नमुन्यात जिथे अर्जदाराने आपलं नाव, वय, अडचण लिहायची असते तिथे ठिपके सोडायचे, हा त्यातला पहिला धडा. तो मी कितीतरी नव्या मुलींना शिकवला. आणि तोच धडा मी स्वतः विसरले, तोही निवृत्तीनंतर, पोहण्याच्या तलावापायी.

बोरीवलीत आमच्या भागात एक क्रीडा संकुल आहे. बॅडमिंटनचा हॉल, कॅरमची खोली, मागे कबड्डीचं मैदान आणि मधोमध तलाव. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. मैत्रिणीला बरोबर घेतलं तर पंचवीस.

ही मैत्रीण मला त्या तलावातच मिळाली. ती एका इस्पितळात आया होती. उभं राहून, वाकून, माणसं उचलून तिची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाली आणि उजव्या गुडघ्याने हात टेकले. ऑपरेशन झालं, पण गुडघा काही पहिल्यासारखा झाला नाही. डॉक्टरांना ती दोष देत नाही. म्हणते, त्या बिचाऱ्या गुडघ्याने आधीच दोन माणसांचं काम केलं होतं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला पाण्यात चालायला सांगितलं म्हणून ती आली. मला माझ्या डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून पोहायला सांगितलं होतं, आणि मी कोकणातली असूनही पाण्याला घाबरते हे त्यांना सांगायची मला लाज वाटली, म्हणून मी आले.

लेडीज बॅच अकरा ते बारा. पहिल्या दिवशी मी साडेतीन फुटांच्या बाजूला दांडा धरून उभी होते. डोक्यावर रबरी टोपी, अंगात पायघोळ काळा कॉस्च्युम. ती शेजारी आली आणि म्हणाली, "तुम्हाला पोहता येतं?"

"नाही."

"बरं झालं. मलापण नाही. चला, चालू या."

तेव्हापासून आम्ही चालतोय. इतक्या वर्षांत मला पोहता आलं नाही ते नाहीच. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचं, भिंतीला हात लावायचा, वळायचं. अशा वीस फेऱ्या. तिचं माहेर वाशीमकडचं, माझं कणकवलीचं, त्यामुळे बोलायला विषय कमी पडत नाही. ठेचा श्रेष्ठ की तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, हा वाद अजून निकाली निघालेला नाही. पौर्णिमेला ती विहारात जाते तेव्हा फेऱ्या बुडतात, आणि दुसऱ्या दिवशी ती त्याही भरून काढते.

माझा स्वभाव उतावळा आहे. रस्त्यावर मी चार पावलं पुढे जाते, मग थांबते, मागे वळते आणि म्हणते, "ये गं, किती मागे राहतेस." ती काठी टेकत, डावा पाय पुढे टाकत, उजवा ओढत येते आणि हसते. तिला राग येत नाही, मला मात्र माझा येतो. पण दुसऱ्या दिवशी गेटपाशी पुन्हा तोंडातून तेच निघतं.

पाण्यात मात्र मामला वेगळा. शेवटच्या पायरीवर ती काठी दांड्याला अडकवते आणि पाण्यात उतरली की सरळ होते. खांदे मागे जातात. दोन्ही पाय सारखे पडतात. पाणी तिचं वजन घेतं आणि ती चालू लागते, कुठल्याही बाईसारखी, हात हलवत, बोलत. एकदा ती मला म्हणाली होती, "घरात मी सून-नातवंडांच्या मध्ये अडचण असते गं. इथं मी बाई असते." मी तेव्हा विषय बदलला, कारण मला रडू आवरत नव्हतं आणि पाण्यात रुमाल नसतो.

तर असं सगळं छान चाललं होतं. मग एक दिवस गेटवर फ्लेक्स लागला: संकुलाचा कायापालट होणार, आराखडा कार्यालयात पाहायला ठेवला आहे, नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना लेखी द्याव्यात, त्यानंतर जनसुनावणी होईल.

आम्ही दोघी पाहायला गेलो. भिंतीवर मोठा रंगीत आराखडा. नवी गॅलरी, कॅन्टीन, लिफ्ट, कपडे बदलायच्या नव्या खोल्या, त्यांना कड्या असलेली दारं. त्या कड्या पाहूनच मी खूष झाले. आमच्या जुन्या खोलीत एकीने आतून कपडे बदलायचे आणि दुसरीने बाहेरून दार ओढून धरायचं, असं होतं. मी तिला एकेक दाखवत सुटले, हे बघ, ते बघ. ती चष्मा पुसून तलावाच्या निळ्या चौकोनासमोर उभी राहिली होती.

"आपला उथळ भाग कुठंय?" तिने विचारलं.

मी पाहिलं. निळ्या चौकोनात या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच आकडा होता. सहा फूट. मोठ्या स्पर्धा भरवता याव्यात म्हणून सगळा तलाव सारखाच खोल करायचा होता.

ती चार फूट नऊ इंच आहे. टोपी घालून.

परत येताना मी एकदाही पुढे गेले नाही. तीच म्हणाली, "जाऊ दे. पोरांना खेळायला बरं होईल. मी काय, घरात चालेन." तिचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, आणि त्यात सहा माणसं. मला एकदम भीती वाटली. ही घरात बसली की उठायची नाही, हे मला स्पष्ट दिसलं. मी म्हणाले, "जाऊ दे कसं? मी अर्ज लिहिते."

त्या दुपारी मी जेवण झाल्यावर बसले आणि तिच्या नावाने अर्ज लिहिला. खरं सांगते, तसा अर्ज माझ्या हातून त्याआधी उतरला नव्हता. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन करते की, मी सहासष्ट वर्षांची असून माझ्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. जमिनीवर मला काठीशिवाय चालता येत नाही. तलावाच्या उथळ भागात मी काठीशिवाय चालते. तेवढा एक तास मी माझ्या पायावर असते. तो तास कृपया काढून घेऊ नये.' शेवटचं वाक्य लिहून मी स्वतःच ते चारदा वाचलं.

तिला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे मी कधी बोलले?"

"बोलली नाहीस. पण खरं आहे ना?"

"आहे," ती म्हणाली.

लेडीज बॅचचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर बायका विचारत होत्या, अर्ज कसा लिहायचा, कुणाला जमतो का. माझी छाती फुगली. मी तिच्या अर्जावरचा नाव-पत्ता तेवढा झाकला, बाकीचा फोटो तसाच टाकला आणि वर लिहिलं, 'नमुना'. ठिपके सोडायचे होते. ते माझ्या लक्षातही आलं होतं. पण त्या चांगल्या वाक्यांना ठिपके टाकून भोकं पाडायला माझा हात धजला नाही. वाटलं, नमुना म्हटल्यावर बायका आपापलं लिहितील, शहाण्या आहेत. इथेच माझी चूक झाली. इतकी वर्षं त्या टेबलावर बसून मला हे कळायला हवं होतं, की आपल्याकडे माणूस सरकारी कागदात स्वतःचं डोकं चालवत नाही. एक अक्षर बदललं तर अर्ज बाद होईल या भीतीने तो नमुना जसाच्या तसा उतरवतो. ही भीती आम्हीच, टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यांनीच, त्याच्या मनात भरवलेली असते.

दोन दिवसांत ग्रुपवर धडाधड अंगठे आले. 'दिला', 'मीपण दिला', 'पोच मिळाली'. मी प्रत्येकीला 'छान' म्हणून लिहिलं. मैत्रीण मात्र शेवटच्या दिवशी पोचली, कारण आदल्या दिवशी तिचा पाय सुजला होता. तिचा आवक क्रमांक सगळ्यात शेवटचा.

जनसुनावणी बॅडमिंटनच्या हॉलमध्ये होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, समोर टेबल, टेबलामागे एक साहेब आणि त्यांच्या शेजारी एक तरुण कनिष्ठ अभियंता, मुलगी. आमची बॅच झाडून आली होती. एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकींना टोपीशिवाय फारसं पाहिलं नव्हतं, त्यामुळे पहिली पाच मिनिटं ओळखी पटवण्यातच गेली. मैत्रीण मागच्या ओळीत दारापाशी बसली. पुढे यायला नको म्हणाली.

कबड्डीवाल्यांचं झालं, कॅरमवाल्यांचं झालं. मग साहेबांनी एक जाडजूड गठ्ठा पुढे ओढला. वरचा कागद वाचला. दुसरा वाचला. मग चारपाच कागद एकदम उलटले, चष्मा काढला आणि आमच्याकडे पाहिलं.

"लेडीज बॅचच्या सगळ्या आल्यात का?"

"हो," आम्ही एका सुरात म्हणालो.

"तुम्हा सगळ्यांच्या उजव्याच गुडघ्याचं ऑपरेशन झालंय?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मग मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि बांध फुटला. साहेब कागद वाचतच होते. "सगळ्या सहासष्ट वर्षांच्या. या ताईंच्या अर्जाला कॉलेजच्या ओळखपत्राची प्रत जोडलीय, त्याही सहासष्टच्या. आणि हे एक गृहस्थ आहेत. लेडीज बॅचमध्ये चालतात म्हणतायत." ते गृहस्थ बायकोच्या सांगण्यावरून सही करून मोकळे झाले होते. ते खुर्चीत खाली खाली सरकले.

मी कपाळावर हात मारला. अक्षरशः मारला, आवाज झाला.

"नियमाप्रमाणे एकाच मजकुराचे अर्ज ही एकच हरकत धरतो," साहेब म्हणाले. "पहिल्या आवक क्रमांकाचा अर्ज ग्राह्य. बाकीचे त्याला जोडून. पहिल्या अर्जदार कोण?"

आमच्या बॅचमधली गुजराती बेन उभी राहिली. टुणकन. ही बाई नवरात्रात नऊही दिवस गरबा खेळते आणि दहाव्या दिवशी आम्हाला त्याचे व्हिडिओ दाखवते. साहेबांनी तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. तिनेही पाहिलं.

"साहब, मेरेको लगा गुडघा कंपल्सरी है," ती म्हणाली.

हॉल पुन्हा हसला. मीही हसले असते, पण माझ्या लक्षात आलं, की कागदोपत्री आता ऑपरेशनचा गुडघा गुजराती बेनचा झाला होता, आणि तो ठणठणीत होता. म्हणजे हरकत निकाली. मागे दारापाशी बसलेल्या बाईचा खरा गुडघा कुठल्यातरी गठ्ठ्याच्या तळाशी, जोडून. तिथे तो माझ्यामुळे गेला होता.

तेवढ्यात पुढच्या ओळीतले एक गृहस्थ उठले. त्यांची मुलगी स्पर्धेत पोहते. त्यांनी चांगल्या भाषेत सांगितलं, की तलाव पोहण्यासाठी असतो, चालायला बाग आहे, आणि मुलांना सरावासाठी पार लांब जावं लागतं. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं चुकलं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

मी उठले. राग मला माझाच आला होता, पण बाहेर पडताना तो सगळ्यांवरच निघाला. "साहेब, चूक माझी आहे. नमुना मी लिहिला. ठिपके सोडले नाहीत. या बायकांना दोष देऊ नका. त्यांना वाटलं असंच लिहायचं असतं, आणि तसं वाटायला लावणारं खातं कुठलं ते तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत आहे. पण यातला एक अर्ज खरा आहे. शेवटचा. गठ्ठा उलटा करा."

साहेबांनी खरंच गठ्ठा उलटा केला. शेवटचा कागद वाचला, या वेळी पूर्ण. "या अर्जदार आल्यात?"

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती उठत होती. काठी आधी, मग डावा पाय, मग शेजारच्या खुर्चीची पाठ. एवढा वेळ हसणारा हॉल बघत राहिला.

"बसून बोला, ताई," साहेब म्हणाले.

"उठलेय तर उभ्यानेच बोलते," ती म्हणाली. "साहेब, अर्ज हिनं लिहिलाय, गुडघा माझा आहे. या दादांच्या लेकीनं पदक आणावं, मी पेढे वाटीन. पण बागेत मला चालता येत नाही. पाण्यात येतं. जमिनीवर मला सगळे म्हणतात सावकाश. पाण्यात कुणी म्हणत नाही. एवढंच."

ती बसली. बसायलाही वेळ लागला. साहेबांनी शेजारच्या मुलीशी काहीतरी बोलून घेतलं आणि जाहीर केलं, की गुरुवारी अकरा वाजता कनिष्ठ अभियंता स्वतः येऊन पाहणी करतील, ताईंनी पाण्यात चालून दाखवावं.

बाहेर आल्यावर गुजराती बेन तिचा हात धरून म्हणाली, "सॉरी हां ताई, तमारा गुडघा मैंने ले लिया."

"ठेव गं," मैत्रीण म्हणाली, "त्याच्यावर गरबा खेळून दाखव मग कळेल."

गुरुवारी आम्ही पावणेअकरालाच पोचलो. तिने नवी टोपी आणली होती, पिवळी. मी गेटपाशी एकदाही 'ये गं' म्हणाले नाही. आत गेलो आणि मी जागीच थांबले.

तलाव रिकामा होता. पूर्ण. तळाच्या निळ्या लाद्या उन्हात कोरड्या पडल्या होत्या. गळती शोधायला म्हणून बुधवारी पाणी सोडून दिलं होतं. त्याच सुधारणेच्या कामासाठी, त्याच कार्यालयाच्या हुकमाने. पाहणीला एकाने बोलावलं आणि पाणी दुसऱ्याने सोडलं. जीवरक्षक बाई बिचारी समोर सापडली आणि मी तिच्यावर तोंडसुख घेतलं. ती म्हणाली, "मॅडम, मी फक्त वाचवते, पाणी माझ्याकडे नाही."

इतक्यात ती अभियंता मुलगी आली. हातात टेप, वही, पाठीवर सॅक. तिनेही तलावाकडे पाहिलं आणि जीभ चावली. "सॉरी, मला कुणी सांगितलंच नाही. मला अर्ध्या तासात दुसरी साइट आहे. अहवाल तर आजच द्यायचाय. 'पाणी नसल्याने पाहणी झाली नाही' असं लिहावं लागेल."

मला माहीत होतं असल्या शेऱ्याचं पुढे काय होतं ते. असे शेरे मी आयुष्यभर फायलींत लावले आहेत. तो शेरा म्हणजे शेवट. मी तोंड उघडणार तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, "पाणी नाही तर नाही. पायऱ्या तर आहेत."

ती साडी खोचून पायऱ्या उतरू लागली. मी एका बाजूने धरलं, जीवरक्षक बाईने दुसऱ्या. चार पायऱ्यांना किती वेळ लागला ते मी पाहिलं नाही. उथळ भागाच्या तळाशी ती उभी राहिली, आमचे हात सोडवले आणि समोरच्या भिंतीकडे पाहून म्हणाली, "चला."

आणि ती निघाली. काठी, डावा पाय, मग उजवा ओढत. काठी लादीवर टक वाजायची आणि रिकाम्या तलावात तो आवाज घुमायचा. मी तिच्या बाजूने चालत होते. मुलगी पलीकडून, टेप हातात धरून. पाण्यात आम्ही हे अंतर बोलत बोलत पार करायचो, एखादा निरोप सांगून होण्याआधी भिंत यायची. आज भिंत जवळच येत नव्हती. मध्यावर ती थांबली. मला वाटलं दुखलं. ती खाली पाहत होती.

"ही बघ ती तुटकी लादी," ती म्हणाली. "रोज पायाला लागते. आज तोंड बघितलं हिचं."

मुलगी हसली आणि मग हसायची थांबली, कारण तिला मैत्रिणीच्या ओठावरचा घाम दिसला. "ताई, पुरे. मला कळलं."

"नाही, भिंतीला हात लावायचा असतो," ती म्हणाली, आणि पुढे चालू लागली.

शेवटी भिंत आली. तिने तळहात टेकला, रोजच्यासारखा, आणि तिथेच कपाळही टेकलं थोडा वेळ. मग वळून, आलो त्या पायऱ्यांकडे बघत म्हणाली, "पाणी नसलं की किती लांब आहे गं हे."

मुलीने घड्याळ पाहिलं नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "पाणी असतं तेव्हा रोज किती वेळा करता हे?"

"वीस."

मुलीने समोरच्या भिंतीपर्यंत पाहिलं. मग टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "काकू, जरा धरा इथं." तिने अंतर मोजलं, खोली मोजली, पायऱ्या मोजल्या, दांड्याची उंची मोजली. परत जायला तिने मैत्रिणीला हात पुढे केला. मैत्रीण म्हणाली, "आधी लिहून घ्या. मग हात द्या." मुलगी तिथेच लादीवर मांडी घालून बसली आणि लिहिलं. दुसऱ्या साइटवर ती उशिराच पोचली असणार.

काही आठवड्यांनी सुधारित आराखडा लागला. मोठा तलाव होता तसाच सहा फुटांचा, त्या गृहस्थांच्या लेकीसाठी. पण शेजारी, जिथे आधीच्या आराखड्यात मान्यवरांची खास बैठक होती, तिथे एक लहान निळा चौकोन आला होता. त्यावर लिहिलं होतं, 'चालण्याचा तलाव, खोली साडेतीन फूट, दोन्ही बाजूंस कठडा.' मान्यवर कुठे गेले ते आम्ही विचारलं नाही. मैत्रिणीने त्या चौकोनावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

आराखड्यावर पुन्हा हरकती मागवल्या होत्या. तिने पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. स्वतः लिहून आणला होता, मला न दाखवता. खिडकीवरच्या कारकुनाने वाचला आणि गोंधळला. "आजी, हरकत नसेल तर अर्ज कशाला?"

"हरकत होती तेव्हा तुम्ही घेतलात ना?" ती म्हणाली. "मग आता नाहीये तेही घ्या."

त्याने घेतला, शिक्का मारला, पोच दिली. मी तिच्या खांद्यावरून वाचलं. 'विषय' नव्हता, 'महोदय' नव्हतं. 'नवा नकाशा पाहिला. आमची जागा आहे. माझी हरकत नाही.' आणि खाली ताजा कलम, 'उजवा गुडघा माझाच आहे.' माझ्या सगळ्या नोकरीत इतका चांगला अर्ज माझ्या टेबलावर आला नव्हता, आणि मी ते तिला तिथेच सांगितलं.

मग संकुल बंद झालं. वर्षभर म्हणाले होते, त्याहून जास्त लागलं. तो काळ तिला जड गेला. मी रोज तिच्याकडे जायचे, आम्ही त्यांच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात चालायचो, कुणाची चप्पल, कुणाची सायकल चुकवत. फेऱ्या वीसवरून आठ झाल्या, आठवरून तीन. उघडेल तेव्हा पाय ऐकेल का, हे आम्ही दोघींनीही कधी तोंडावाटे काढलं नाही.

यंदा तलाव उघडला. पहिल्याच दिवशी अकराला आम्ही हजर. कपडे बदलायच्या खोलीला कडी होती, ती मी दोनदा लावून पाहिली. तिने पिवळी टोपी घातली, इतके महिने जपून ठेवलेली. नवा कठडा धरून ती पायऱ्या उतरली, काठी अडकवली आणि पाण्यात उभी राहिली. हललीच नाही. मी वरच्या पायरीवर, पाण्याची भीती अजून तशीच, घोट्यापर्यंत भिजलेली. तिने उजवा पाय पुढे सरकवला. तुटकी लादी शोधत होती बहुतेक. इथे ती नव्हती. पाय तसाच पुढे गेला, मग डावा, मग पुन्हा उजवा, आणि तिचे खांदे मागे गेले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि या वेळी मी विषय बदलला नाही, येऊ दिलं.

डोळे पुसून पाहिलं तर ती पलीकडच्या भिंतीला हात लावून वळलीही होती. मी अजून पायरीवरच. तिने कमरेवर हात ठेवले, माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्या बॅचला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ये गं, किती मागे राहतेस."